समोरच्या दारातलं माहेर

माझं एक माहेर सोलापूरच्या अंगाला होतं आणि दुसरं सासरच्या घरासमोर, गल्ली ओलांडली की. पहिलं जन्मानं मिळालं. दुसरं माझ्या सासूबाईंनी एका ज्येष्ठात, भर दुपारी, मला न विचारता लावून दिलं. नातवंडांना हे सांगितलं की ती खिदळतात. आज्जी, गल्लीपलीकडं कुणाचं माहेर असतं का? असतं बाबांनो. माझं होतं, आणि मी तिथं चांगले लाड करून घेतलेत.

आमचं गाव नळदुर्ग आणि अणदूरच्या मधल्या पट्ट्यातलं, हैदराबादच्या सडकेपासून थोडं आत. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. माझे आईवडील हद्दीपलीकडचे, इंग्रजी मुलखातले. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. लग्न होऊन मी इकडं आले तेव्हा नाक्यावरच्या शिपायानं माझ्या रुखवताच्या टोपल्या उपसल्या आणि एक करंजी हातात धरून, हिच्यावर जकात लावावी की नको, या विचारात बराच वेळ उभा राहिला. शेवटी माझ्या काकांनी त्याला ती खाऊनच टाकायला सांगितली, तेव्हा कुठं गाडी सुटली. त्या नाक्याचं मला तेव्हा एवढंच अप्रूप होतं.

त्याच साली पावसाळ्यात तिकडं स्वराज्य आलं. इकडं आलं नाही. माझ्या आईच्या गावात शाळेवर तिरंगा लागला म्हणे, पेढे वाटले म्हणे, आणि माझ्या सासरी त्या झेंड्याचं नाव काढायचं तरी आधी दार लावून घ्यायचे. सकाळी गाडी जुंपली तर कडूसं पडायच्या आत पोचावं एवढ्याशा वाटेवर दोन राज्यं झाली. नाक्यावर आता करंज्या तपासत नव्हते, माणसं तपासत होते.

थंडी सरता सरता आमचे हे घरातून गेले. हद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांचे कॅम्प लागले होते, तिथं. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. जाताना आईच्या पाया पडले, माझ्याकडं बघून ‘आईचं ऐक’ एवढंच म्हणाले. मला दिवस गेले होते. मला राग आला होता, तो अजून थोडा आहे. स्वराज्य आणायला गेलेल्या माणसावर बायकोनं रुसायचं नसतं असं सगळे सांगतात. ते सांगणाऱ्यांना उलट्या होत नव्हत्या.

घरात मी आणि आत्याबाई. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. माझी आत्याबाई म्हणजे काडीसारखी बाई आणि आवाज नगाऱ्यासारखा. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत वाट्यानं लावून तिनं एकटीनं पोरगा वाढवलेला. मराठीत बोलता बोलता राग आला की कन्नडवर जायची. ‘सुम्न कुंद्र!’ म्हणजे गप बस, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. माया आली तरी कन्नडच. ‘हुच्ची’ म्हणायची मला, म्हणजे खुळी. दिवसातून किती वेळा म्हणायची ते सोडा.

समोरच्या घरात मणेरीण राहायची. तिचा नवरा बांगड्यांचं गाठोडं घेऊन जत्रा-बाजार फिरायचा, दम्यानं बेजार असलेला गरीब माणूस. गावात बायकांना बांगड्या भरायच्या त्या हिनं. तिचा हात असा की काचेची बांगडी पंजावरून कधी सरकली ते कळू नये. पोटी मूल नव्हतं. आत्याबाईचं आणि तिचं जन्माचं वाकडं, कारण तिच्या शेळीनं आमच्या अंगणातलं बेलाचं रोप खाल्लं होतं. आम्ही शिवाला मानणारी माणसं, गळ्यात लिंग बांधणारी. सोमवारचा बेल शेळीच्या पोटात गेला म्हटल्यावर आत्याबाई ते मरेपर्यंत विसरणार नव्हती. दोघी आपापल्या ओट्यावर बसून एकमेकींना ऐकू जाईल असं तिसऱ्याच कुणाशी तरी बोलायच्या.

आणि त्या घरात आणखी एक जण होता, मणेरणीचा धाकटा भाऊ. माझ्याहून जेमतेम वर्ष-दोन वर्षांनी मोठा. त्या उन्हाळ्यात तो रझाकारांत गेला, खाकी कपडे घालून चावडीपुढं काठी फिरवायला लागला. मिसरूड धड फुटलं नव्हतं, पण चालायचा असा की जणू हैदराबादचं राज्य ह्याच्याच खांद्यावर आहे.

मला सातवा लागला तशी मी दिवस मोजायला लागले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय? वडिलांची गाडी येणार, आई डब्यात लाडू घालून देणार, मी पाय पसरून खाणार. गाडी आली नाही. सडकेनं आलेल्या एका गुराख्यानं निरोप आणला: वाट बंद, नाक्यावर माणसं अडवतात, दोन गाड्या लुटल्या, लेकीला आहे तिथंच ठेवा. मी चुलीपुढं बसून हंबरडा फोडला. आत्याबाई म्हणाली, ‘रडायलीस कशाला हुच्ची, म्या मेले का?’ आणि ओट्यावर जाऊन बसली. त्या दिवसात चावडीपुढचे खाकीवाले वाढले होते. शेजारच्या एका गावात पोरगा कॅम्पात गेला म्हणून घराची झडती झाली होती, आणि घरातल्या बायकांचं काय झालं ते बायका एकमेकींच्या कानातच बोलत होत्या. मी ते ऐकलं होतं. पण खरं सांगते, मला आईचे लाडूच दिसत होते. अठरा-एकोणीसचं वय, त्याला कोण काय करणार!

दुपारी आत्याबाई उठली. पेटीतून हिरवा खण काढला, नारळ घेतला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, ‘चल.’ अंगणातून बाहेर पडली आणि सरळ गल्ली ओलांडली. तिला त्या बाजूला जाताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मणेरीण दारातच होती. हिला बघून घाईनं म्हणाली, ‘शेळी बांधून हाय.’

‘शेळीचं न्हाय,’ आत्याबाई म्हणाली. ‘माझ्या सुनेला माहेर पायजे.’

मणेरणीला कळेना. मलाही कळेना.

‘वाट बंद झालीया. आन् आमच्या घरात पयलं बाळंतपण होत न्हाय. रीतच हाय तशी. पयलं बाळ सासरी झालं तर आमच्या घराला सोसत न्हाय. हिला माहेर पायजेच. तुमी लेक म्हणून घ्या. धान्य माझं, भांडी माझी, चूल तुमच्या परसात म्या मांडून देते. घर तेवढं तुमचं.’

मणेरीण पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘मेरेकू लेकरू न्हाय, तुमाला म्हाईत हाय ना?’

‘म्हाईत हाय.’

‘लोक मला बांगड्या भराय बोलावत्यात. वटी भराय कुनी बोलावत न्हाय. अपशकून म्हनत्यात.’

‘लोकांच्या घरचं मला काय सांगता?’ आत्याबाईचा आवाज चढला. ‘म्या माझ्या घरची रीत सांगाय आले. घ्यायचं का न्हाय तेवढं बोला, इहीणबाई.’

इहीणबाई! व्याह्यांकडच्या बाईला म्हणायचा शब्द. मणेरणीनं तो ऐकला आणि मटकन उंबऱ्यावर बसली. मग नारळ घेतला, खण घेतला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, ‘आ गे बेटी. उन्हात काय हुबी राहिलीस.’

मी आत पाऊल टाकणार तोच आत्याबाईनं दंड धरला. ‘अशी कशी जातीस? येस ओलांडल्याबिगर माहेरी जात्यात व्हय?’

आणि दुसऱ्या दिवशी, देवाशपथ सांगते, समोरच्या दारात जायला मला गाडी जुंपली. माझी वळकटी, तांदूळ-ज्वारीची पोती, पितळी भांडी, सगळं गाडीत. आत्याबाईनं माझ्या कडोसरीला सुपारी खोचली, डोळ्याला पदर लावला, ‘जा बाई, सुखानं मोकळी होऊन ये’ म्हणून गळा काढला. गाडी गावच्या वेशीतून बाहेर पडली, मारुतीच्या देवळाला वळसा घालून दुसऱ्या बोळानं परत आत आली आणि आमच्याच गल्लीत, निघाली होती तिथून दहा पावलांवर थांबली. सगळं गाव हसून लोळलं. पोरं गाडीमागून पळत होती. चावडीवरचा जमादार मिशीवर हात ठेवून हसत होता. ‘बुढ्ढी का दिमाग गया,’ असं त्याला म्हणताना मी माझ्या कानानं ऐकलं, आणि लाजेनं मला गाडीतून उडी मारावीशी वाटली. मणेरणीनं मात्र दारात पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. हे सगळं तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. इतकी वर्षं लोकांच्या दारात बांगड्या भरता भरता बघून ठेवलं असणार.

त्या दिवसापासून मी तिला अम्मा म्हणायला लागले आणि आत्याबाई इहीण झाली. आणि इहीण कशी? बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही! गल्ली ही एवढी, पण ती आपल्या ओट्यावर बसून ओरडायची, ‘इहीणबाई, पोरीला कळशी उचलू देऊ नगा!’ अम्मा इकडून ओरडायची, ‘माझी लेक हाय, मला कळतंय!’ ‘कळतंय तर काल पाण्याला का गेली?’ ‘पाण्याला न्हाय, पाय मोकळं कराय गेलती!’ पूर्वी भांडायच्या तेच, पण आता एकमेकींना अहो-जाहो करून. जी बाई महिनाभरापूर्वी ‘ती मणेरीण’ होती तिच्याशी बोलताना आत्याबाई आता डोक्यावरचा पदर सावरायची. मला हसू फुटायचं आणि हसलं की पोट दुखायचं.

परसात माझी वेगळी चूल. माझा स्वयंपाक मी करायची, जड झाल्यावर अम्मा करायची, आमच्या भांड्यात, आंघोळ करून. मी होते तोवर तिच्या घरात मटण शिजलं नाही. मी कधी म्हटलं नव्हतं, आत्याबाईनंही म्हटलं नव्हतं. पुढं रमजान लागला. दिवसभर तिच्या पोटात पाण्याचा थेंब नसायचा आणि ती मला शिरा भरवायची. ‘एवढा घास. माझ्यासाठी न्हाय, पोटातल्यासाठी.’ मी म्हणायची, तुम्ही उपाशी आणि मी खाऊ? ती म्हणायची, ‘तू खाल्लीस की मेरा पेट भरता.’ माझी सख्खी आई चांगली होती, पण इतकी मिनतवारी तिनं कधी केली नाही. आमच्याकडं जेवली नाहीस तर बस तशीच, असा कारभार.

भावाचा मात्र काटा होता. पहिल्या दिवशी तो घरात आला, मला बघितलं आणि दारातच थबकला. कॅम्पात गेलेल्या माणसाची बायको आपल्या घरात! अम्मानं त्याला काही विचारूच दिलं नाही. म्हणाली, ‘ये मेरी बेटी. म्हंजे तू मामा. सलाम कर.’ आता माझा मामा हा! माझ्याएवढा पोरगा, गाल लाल झालेले. तो काहीतरी पुटपुटत बाहेर गेला. त्यानंतर मी असेन त्या खोलीत यायचा नाही. पण एकदा मी कळशीकडं गेले तर मागून येऊन कळशी उचलून परसात नेऊन ठेवली आणि काही न बोलता गेला. खाकी कपड्यातला मामा माझी कळशी वाहतोय, हे बघून समोर ओट्यावर आत्याबाईनं पदरात तोंड खुपसलं होतं.

मग आषाढात ते आले. बाहेरगावचे खाकीवाले, आठ-दहा जण, बरोबर चावडीचा जमादार, आणि मागं आमचा मामा. सकाळची वेळ. आमच्याच दारात थांबले. मी समोरच्या घरात, खिडकीच्या फटीला डोळा लावून. अम्मानं मागून माझ्या खांद्याला घट्ट धरलेलं. आमच्या घरातून मडकी फुटल्याचा आवाज आला, धान्य सांडल्याचा आवाज आला. आत्याबाई कन्नडमधून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मग त्यांचा म्होरक्या बाहेर आला आणि त्यानं विचारलं, ‘बेटा भाग गया. बहू किधर है?’

शेजारच्या गावातल्या बायकांची कुजबुज मला त्या क्षणी कळली. तोवर ती नुसती कानावर पडली होती.

‘माहेरी,’ आत्याबाई म्हणाली.

त्यानं गल्लीतल्या बायकांना विचारलं. बायका म्हणाल्या, व्हय, माहेरी गेली, बाळंतपणाला, गाडीत बसून गेली, आमी बघितलं की. जमादारानं मान डोलावली. त्यानंही बघितलं होतं. राहिला मामा. तो गल्लीच्या मधोमध उभा होता, इकडं आमचं घर, तिकडं त्याचं. म्होरक्यानं त्याच्याकडं बघितलं. मामानं जमिनीकडं बघत म्हटलं, ‘हौ. मायके गई.’

ते गेले. मी खाली बसले ती उठवेना. अम्मा माझं डोकं मांडीवर घेऊन पुटपुटत राहिली, दुवा होती की शिव्या होत्या ते कळलं नाही. संध्याकाळी मामा आला. हातातली कागदाची पुडी चुलीजवळ ठेवून म्हणाला, ‘आपा, ये भांजी कू.’ पुडीत डिंक होता, खारीक होती, बाळंतिणीच्या लाडवाला लागणारं सगळं. मला आईच्या लाडवांची आठवण होऊन रडू आलं आणि अम्मा मामावरच खेकसली, ‘रुलाया ना उसकू!’

ईद झाली आणि नागपंचमीच्या आत मी मोकळी झाले. मुलगा. अम्मानं गावातली सुईण बोलावली होती, पण सुईणीला हात लावू देईल तर शपथ! मधूनच पळत ओट्यावर जायची आणि गल्लीपलीकडं बातमी द्यायची. आत्याबाई आपल्या ओट्यावर येरझाऱ्या घालत होती. इकडं येईना. बाळ रडलं तेव्हा अम्मा ओट्यावरून ओरडली, ‘इहीणबाई, आता या! बोलावलंय!’ आणि आत्याबाई अशी धावली की चप्पल गल्लीतच राहिली. अम्माच्या हातातल्या बाळाला बघितलं, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी बाजेवर एकटी. माझ्याकडं कुणी बघेना! पंचमीला अम्मानं माझ्या दोन्ही हातात हिरवा चुडा भरला, मनगटापासून कोपरापर्यंत. म्हणाली, ‘लेकीचे हात रिकामे ठेवत्यात का?’

मग सव्वा महिना संपल्यावर सासरी पाठवायचं की चाळीस दिवस पुरे करून, यावरून इहिणी पुन्हा भांडायला लागल्या. ‘आमच्यात चाळीस दिन लागते.’ ‘आमच्यात सव्वा महिना.’ त्या वादाचा निकाल लागायच्या आतच सडकेवरून भारताची फौज आली.

नळदुर्गाकडून धडाड आवाज आले, मग सडकेवर धूळ, गाड्याच गाड्या. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. मोगलाई गेली. मी बाजेवर बसून आनंदानं रडले. आता हे येणार, आता वाट उघडली, आता आई येणार. वळून बघते तर अम्मा भिंतीला टेकून बसलेली, तोंडाला रंग नाही. मामा दोन दिवसांपासून घरी आला नव्हता. त्याचे खाकी कपडे परसातल्या आडात तरंगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माणसं आली. आमच्या गावातली होती, शेजारच्या गावांची होती. कुऱ्हाडी, काठ्या, एकाच्या हातात तेलाचा डबा. पलीकडच्या गल्लीतून धूर येत होता. ‘मणेराचा खाकीवाला कुठं हाय? काढा भायेर! आता आपलं राज हाय!’ अम्माचा नवरा दारामागं खोकत उभा. अम्मानं माझ्या मुलाला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘तू सासरी जा बेटी. अब्भी जा. मागच्या दारानं.’ मी म्हटलं, जाणार नाही. ती म्हणाली, ‘मेरी सुन!’ मी म्हटलं, माहेर टाकून कुठं जाऊ?

तेवढ्यात मी आत्याबाईला बघितलं. ती आपल्या ओट्यावरून उतरली. सावकाश गल्ली ओलांडली. बोलावणं नव्हतं. गर्दीतून वाट काढत आली आणि अम्माच्या उंबऱ्यावर बसली. बसली म्हणजे फतकल मारून, पाय पसरून, दारात जागाच उरणार नाही अशी.

‘काय पायजे रे?’ तिनं विचारलं.

‘आजी, तुमी उठा. तुमचंच घर फोडलं होतं ह्यांनी.’

‘माझं घर कुनी फोडलं ते मला म्हाईत हाय. ह्ये माझ्या इहिणीचं घर हाय. आत माझी सून बाळंतीण हाय, माझा नातू हाय. बाळंतिणीच्या खोलीत शिरनार का तू? तुझ्या आईची बाज म्या शेकलीया, इसरलास? आन् तू रं, डबा घेऊन हुबा, तुझी बायकू कुनाच्या हातच्या बांगड्या घालती?’

‘तो खाकीवाला...’

‘त्यो माझ्या नातवाचा मामा!’ आत्याबाई गरजली. ‘भाच्याला टोपडं शिवल्याबिगर पळालाय भाडखाव. घावला तर आदी माझ्याकडं आना, म्या बघते त्येच्याकडं!’

मागं कुणीतरी फिसकन हसलं. बहुतेक कुणाला ती गाडी आठवली असावी. जो हसला त्यानं हातातली काठी खाली घेतली. डबेवाल्यानं मान खाली घातली. आत्याबाई हलली नाही. उन्हं चढली, माणसं एकेक करून सरकली, दुसरीकडं गेली. सगळ्या उंबऱ्यांवर कुणी बसलेलं नव्हतं. त्या दिवशीचा धूर माझ्या डोळ्यांत अजून आहे, आणि स्वराज्याच्या आनंदात तो मी कधी मिसळू शकले नाही. आत्याबाई तिथंच जेवली, अम्मानं दिलेली भाकरी, अम्माच्या ताटलीत, आणि दिवस मावळेपर्यंत तिथून उठली नाही. पुढचे चार दिवस तिचा मुक्काम त्या उंबऱ्यावरच.

हे आले तेव्हा मी सासरी आले होते. गाडीत बसून, वेशीला वळसा घालून, अर्थातच. मुलाला घेऊन ते खुळ्यासारखे हसत होते. मी सगळी हकीगत सांगितली. घरात पहिलं बाळंतपण होत नाही, म्हणून कसं माहेर शोधलं, वगैरे. ते म्हणाले, ‘कसली रीत? मी पहिलाच की. ह्याच घरात झालो, माजघरात. आईच सांगते.’

मी तडक आत्याबाईकडं गेले. ती बेलाच्या नव्या रोपाला पाणी घालत होती. म्हटलं, आत्याबाई, तुम्ही मला खोटं सांगितलं.

‘मग काय सांगाय पायजे होतं?’ ती माझ्याकडं न बघता म्हणाली. ‘मला भ्या वाटतंय, सुनेला लपवा, असं सांगू? तू गेली असतीस लपाय? रडून गाव गोळा केलं असतंस. माहेर म्हनल्यावर पळत गेलीस. आन् त्यो पोरगा, घरात लपवलेली बाई हाय म्हनल्यावर एक दिस गप बसला नसता. भाची म्हनल्यावर बसला.’ मग तिनं तांब्या खाली ठेवला. ‘रात रात झोप न्हवती गं मला. सुम्न कुंद्र आता.’

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं, तिनं मला ‘हुच्ची’ म्हणून ढकललं आणि डोळे पुसले. माझी आत्याबाई!

पण मग मला अम्माचं वाईट वाटायला लागलं. तिनं तर ते सगळं खरं मानलं होतं. रोजे ठेवून मला भरवलं, भावाला मामा केलं, जीव टांगणीला लावला. तिला फसवलं आम्ही. दिवाळीच्या तोंडावर मी नव्या बांगड्या भरायला म्हणून गल्ली ओलांडली. ती पूर्वीसारखी बोलत नव्हती. मामाचा पत्ता नव्हता, पुढंही कधी लागला नाही. माझा हात हातात घेऊन ती पंजा दाबत होती. मी म्हटलं, अम्मा, एक सांगायचंय. आमच्या घरात तसली काही रीत नव्हती. आत्याबाईंनी ते रचलं होतं.

ती बांगड्यांतून माझ्या मापाची निवडत राहिली. ‘म्हाईत हाय.’

‘कधी कळलं?’

‘पयल्यापासून. तुझा मर्द झाला तवा मी नवी नवरी होते गे. माझ्या सासूनं मला संगं नेलं होतं, तुझ्या सासूच्या हातात हिरवा चुडा भराय. त्याच माजघरात. माझ्या हातानं भरलेला पयला चुडा त्यो.’

मी म्हटलं, तर मग त्या दिवशी बोलला का नाहीत?

अम्मानं बांगडी माझ्या बोटांत अडकवली. ‘काय बोलू? इतक्या सालांनी कुनी माझ्या दारात खण-नारळ घेऊन आलं, म्हनालं, तुझी लेक घे. आन् म्या म्हनू, बाई, तू झूट बोलतीस?’

आणि अंगठा आत दाबून म्हणाली, ‘हात ढिला सोड. फुटंल.’